कॉम्प्युटर अचानक स्लो, डिस्क सतत 100 टक्के – फॉरमॅट मारू का?

सिडकोकर
नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप आठवडाभरापासून एकाएकी कमालीचा स्लो झालाय. आय3 चौथ्या पिढीचा, 8 जीबी रॅम, 1 टीबी साधी हार्ड डिस्क, विंडोज 10. आधी दोन मिनिटांत चालू व्हायचा, आता पंधरा मिनिटं लागतात. फोल्डरवर क्लिक केलं की विंडो पांढरी पडते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू 6-7 टक्के, मेमरी 40, पण डिस्क 100 वरून हलत नाही. अँटिव्हायरसला काही सापडलं नाही. दुकानदार फॉरमॅट मारा म्हणतोय. आत दहा वर्षांचे फोटो आहेत. काय करू?

गंगापूर_रोड
एप्रिल-मे असेल तर मी आधी धूळ बघतो. नाशिकचा पारा चाळिशीला टेकला आणि हीट सिंकवर (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) धुळीचा थर असला की प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. वायर काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रश मारा, प्रोसेसर आणि हीट सिंकमधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. कूलर (पंखा आणि हीट सिंक) बसवताना चारही पिना समोरासमोरच्या जोडीने दाबा, प्रत्येकीचा 'टक' आवाज यायला हवा. एक पिन जरी अर्धवट राहिली तरी कूलर तिरका बसतो.

सातपूर_हार्डवेअर
धूळ काढलेली चांगलीच, पण इथला रोग तो नाही. गरम झालेल्या मशीनमध्ये सीपीयूचा टक्का चढतो. इथे सीपीयू मोकळा बसलाय आणि सगळे डिस्कची वाट बघताहेत.

सिडकोकर, फॉरमॅट अजिबात मारू नका. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक करा. 100 टक्के म्हणजे डिस्क सगळा वेळ गुंतलेली आहे एवढंच, काम किती झालं ते त्यातून कळत नाही. खाली सरासरी रिस्पॉन्स टाइम बघा. धडधाकट डिस्कला साधारण 10-20 मिलिसेकंद लागतात. तो आकडा हजारांत असेल आणि वेग 1 एमबीच्याही खाली, तर डिस्क एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) चालवून 05, सी5 आणि सी7 या तीन ओळींचे आकडे इथे टाका. सी5 म्हणजे वाचता न आलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे तुकडे. 05 म्हणजे डिस्कने बाद करून राखीव जागेतून बदललेले. सी7 म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका. फक्त सी7 वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलचा. केबल बदला, काम भागेल. मात्र तो आकडा पुन्हा शून्य होत नाही, वाढायचा थांबला का तेवढंच बघायचं.

सिडकोकर
05 शून्य, सी7 शून्य, सी5 समोर बरीच शून्यं आणि शेवटी 28. रिस्पॉन्स टाइम 4,000 च्या वर जातोय.

सातपूर_हार्डवेअर
तो 28 हेक्समध्ये (16 च्या पायावरच्या मोजणीत) आहे, म्हणजे आपले 40 सेक्टर. विंडोजची एखादी फाइल त्यातल्या एकावर असली तरी मशीन तिथेच अडून बसतं.

आता क्रम चुकवू नका. चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा) आणि डीफ्रॅग (फाइलींची मांडणी सुधारणारा) हे विंडोजचे दोन्ही प्रोग्राम बंद. चेकडिस्कचा 'आर' पर्याय अख्खी डिस्क वाचत सुटतो, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. आधी फोटो बाहेरच्या डिस्कवर काढा. साध्या कॉपी-पेस्टऐवजी रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपीची कमांड) वापरा, पण तिचे 'आर' (पुन्हा किती वेळा प्रयत्न) आणि 'डब्ल्यू' (मधे किती सेकंद थांबायचं) हे दोन्ही पर्याय 0 ठेवा. न ठेवल्यास तो अडलेल्या एका फाइलसाठी 10 लाख वेळा, दर वेळी 30 सेकंद थांबून प्रयत्न करत राहतो. शून्य ठेवलं की ती फाइल सोडून पुढे जातो. कॉपी झाल्यावर पाच-पंचवीस फोटो उघडून बघा. फोल्डर दिसला म्हणजे फोटो वाचला असं नाही.

मग 2.5 इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, 480 जीबी पुरे. कॅनडा कॉर्नरला नाहीतर एमजी रोडला घ्याल तेव्हा साटा केबल वेगळी मागा, बऱ्याचदा बॉक्समध्ये नसते. क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करू नका, खराब फाइलीही सोबत येतील. 8 जीबी पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाका. टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर मशीन सुरू करणारी बूटची फाइल जुन्या डिस्कवर जाऊन बसते आणि ती डिस्क काढली की मशीन उठत नाही. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असेल, तर इंटरनेट मिळताच विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होईल.

पंचवटी_लिनक्स
एक भर. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि चौथ्या पिढीचा आय3 विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाही. फक्त ब्राउझर आणि पत्रं टाइप करायची असतील तर त्या एसएसडीवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) उत्तम चालेल.

जुनी डिस्क लगेच भंगारात टाकू नका. लिहिणं चालू असताना लाइट गेली तरी सेक्टर असे अर्धवट राहतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कशी जाते ते माहीतच आहे. फोटो दोन ठिकाणी सुरक्षित झाले की 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. सी5 शून्यावर आला आणि 05 ही शून्यच राहिला, तर पृष्ठभाग बहुधा ठीक आहे. सिनेमे ठेवायला वापरा. 05 चढला तर मात्र तिच्यावर काहीच ठेवू नका.