‘द लास्ट सपर’चे पोपडे का निघाले, सिस्टीनचं छत का टिकलं?

कुंचला:
लिओनार्दोनं मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्झिए मठातल्या भोजनगृहाच्या भिंतीवर ‘द लास्ट सपर’ साधारण 1495 ते 1498 मध्ये रंगवलं. मिकेलांजेलोनं व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलचं छत 1508 ते 1512 मध्ये. पहिल्याचे पोपडे चित्रकार हयात असतानाच निघायला लागले, दुसरं आजही भक्कम आहे. दोन्हींना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतात, मग फरक कुठे पडला? दुसरं म्हणजे फूटभर टाइलवर फ्रेस्को करायचा तर चुना-वाळूचं प्रमाण काय धरावं? वाळल्यावर रंग हाताला लागतो, तो कशामुळे?

गेरू:
‘द लास्ट सपर’ हा फ्रेस्को नाहीच, सगळी गोम तिथेच आहे. फ्रेस्कोत रंगात डिंक, अंडं, तेल काहीही नसतं. नुसत्या पाण्यात खललेला रंग ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लावतात. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे पुन्हा चुनखडीच. रंगाचे कण त्या दगडी पापुद्र्यात कायमचे अडकतात.

पण हे काम घाईचं. गिलावा ओला आहे तोवर, म्हणजे सहा-आठ तासांत, त्या दिवसाचा तुकडा संपवावा लागतो. त्या तुकड्याला इटालियनमध्ये ‘जोर्नाता’ म्हणतात. लिओनार्दोला सावकाश, पुन्हापुन्हा बदल करत रंगवायचं होतं. म्हणून त्यानं कोरड्या भिंतीवर अस्तर चढवलं, त्यावर सफेद्याचा, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाचा, हात दिला आणि अंडं व तेल घालून रंगवलं. भिंतीतली ओल बाहेर येताना रंगाचा थर मागून ढकलला गेला आणि पोपडे सुटले. 1652 मध्ये भिंतीत दार पाडलं, त्यात ख्रिस्ताचे पाय गेले. 1943 च्या बॉम्बहल्ल्यात छत कोसळलं, पण वाळूच्या पोत्यांच्या आधारानं ही भिंत उभी राहिली. 1978 ते 1999 एवढा काळ चाललेल्या जीर्णोद्धारानंतर जे उरलंय ते आज आपण पाहतो.

थापी:
टाइलचं सांगतो. बिनझिलईची, भाजलेल्या मातीची फरशी घ्या आणि रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी फरशी गिलाव्यातलं पाणी शोषून घेते, मग चुना नीट धरत नाही.

चुना विरवून निदान तीन-चार महिने पाण्याखाली मुरलेला, लोण्यासारखा हवा. वाळू नदीची, धुतलेली. माती किंवा खारटपणा अजिबात नको. खालचा थर 1 भाग चुना, अडीच भाग जाड वाळू, जाडी 8–10 मिमी. तो खरबरीतच ठेवा आणि आठवडाभर सुकू द्या. रंगवायच्या दिवशी तो पुन्हा भिजवून वरचा थर द्या: 1 भाग चुना, दीड भाग चाळलेली बारीक वाळू, जाडी 3–5 मिमी. सिमेंट चिमूटभरही घालू नका, त्यातले क्षार वर येऊन पांढरे डाग पडतात.

थापीनं गुळगुळीत केल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा. बोट टेकवलं की ठसा उमटावा, पण चुना बोटाला चिकटू नये. रेखाटनाच्या कागदाला सुईनं भोकं पाडून वर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटा, आकृती ठिपक्यांनी उमटते. मग पातळ हातानं रंगवा. कुंचला अडखळायला लागला की थांबा. उरलेला कोरा गिलावा सुरीनं तिरका कापून काढून टाका.

रंग हाताला लागतो त्याचं बहुतेक वेळा कारण एकच: चुन्यावर साय धरल्यावर रंगवलेलं असतं. रंग दाट लावला, वाळू जास्त झाली किंवा पंख्याखाली घाईनं वाळवलं तरी तेच होतं. सावलीत सुकू द्या. रंग वाळल्यावर बराच फिका होतो, ते धरूनच छटा ठरवा. हातमोजे आणि चश्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते.

कुंचला:
निळा कुठला वापरू? आणि पोस्टर कलर चालतील का?

गेरू:
पोस्टर कलर नकोत, त्यातल्या डिंकाचा पापुद्रा होतो. गेरू, पिवळी माती, हिरवी माती हे चुन्यात टिकतात. पांढऱ्यासाठी चुनाच वापरा. सफेदा काळा पडतो, इटलीत असिसीला चिमाबुए या जुन्या चित्रकाराच्या चित्रांत उजळ भाग काळे झालेत ते त्यामुळेच. निळ्यासाठी आज कोबाल्ट घ्या. प्रशियन निळा चुन्यात मरतो. अझुराइट हा खनिजाचा निळा ओल्या चुन्यावर भरवशाचा नाही म्हणून कोरड्यावर चिकटवत, आणि म्हणून गळतो. इटलीतल्या पादुआच्या स्क्रोवेग्नी चॅपेलमध्ये चित्रकार जोत्तोनं रंगवलेल्या मेरीच्या निळ्या वस्त्राची अवस्था पाहा.

थापी:
मिकेलांजेलोलाही सुरुवातीला फटका बसला होताच. सिस्टीनच्या छतावरच्या महापुराच्या चित्रावर बुरशी आली, कारण गिलाव्यात पाणी जास्त झालं होतं. तो भाग काढून नव्यानं करावा लागला. पुढे त्याच चॅपेलमधल्या ‘लास्ट जजमेंट’ या चित्रासाठी भिंत तैलरंगाच्या हिशोबानं तयार केली होती, ती त्यानं खरवडून पुन्हा फ्रेस्कोसाठी करून घेतली.

आपल्याकडे अजिंठ्यालाही फ्रेस्को म्हणतात, ते चूक. तिथे भाताचा तूस आणि तंतू घातलेला मातीचा गिलावा आहे, वर चुन्याचा पातळ हात, आणि रंग कोरड्यावर चिकटद्रव्यानं लावलेले. 1920 च्या सुमारास निजामाच्या सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी पोपडे धरून ठेवायला लाखेचं रोगण दिलं, ते पुढे पिवळं पडलं आणि चित्रं झाकोळली. ओल्या चुन्यावरचं काम भारतात पाहायचं असेल तर राजस्थानातल्या शेखावाटीच्या हवेल्या बघा, तिथे त्याला ‘आराइश’ म्हणतात आणि गारगोटीनं घासून तकाकी आणतात.