मदत हवी आहे: 1962 च्या अणुस्फोटाची खूण अलिबागच्या मॅग्नेटोग्रामवर कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्सच्या प्रोजेक्टमध्ये पार अडकलोय, कोणीतरी वाट दाखवा. विषय स्टारफिश प्राइम. 9 जुलै 1962 ला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटाच्या वर 400 किमी उंचीवर 1.4 मेगाटनचा बॉम्ब फोडला, होनोलुलूतले रस्त्यावरचे दिवे गेले वगैरे सगळीकडे वाचायला मिळतं, मला हवंय ते मुंबईकडे काय नोंदलं गेलं. वेळ 09:00 यूटी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच.

सर म्हणाले अलिबागचे रेकॉर्ड बघ, म्हणजे मॅग्नेटोग्राम, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बदल रेघेने नोंदलेला कागद. (कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या करंटने नोंदी बिघडणार म्हणून अलिबागला हलवली, 1904 ची गोष्ट. ट्राम गेल्या, वेधशाळा आहे.) स्कॅन मिळालाय पण त्यावर कागद तासाला साधारण 20 मिमी सरकतो, म्हणजे एक मिनिट मिमीचा तिसरा भाग, रेघेचीच जाडी जवळपास तेवढी! झूम करून बघितलं तर खाच आहे की कागदाचा डाग तेच कळेना, त्यात दुपारी एच कंपोनंट (क्षेत्राचा आडवा भाग) तसाही उतरतच असतो.

दुसरा घोळ कारणाचा. 400 किमीवरून क्षितिज फार तर 2200 किमी, आपण तिथून 12 हजार किमीच्या आसपास, मग एक्स-रे आणि गॅमा थेट आपल्या आयनोस्फिअरवर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) पडणारच नाहीत. उरतं काय, तर चुंबकीय क्षेत्राला बसलेला धक्का जो काही सेकंदांत पोचतो, किंवा क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन, पण ते पूर्वेकडे सरकतात म्हणजे अमेरिका, अटलांटिक, आफ्रिका करत मग आपल्याकडे. स्फोटातले न्यूट्रॉन बाहेर उडून क्षय पावतात आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात असंही एक स्पष्टीकरण वाचलं, लांबच्या व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेच्या रेडिओ) सिग्नलची फेज बदलली त्यासाठी. हे सगळं वेगळं करायला सेकंदांचं रिझोल्यूशन लागणार ना?

तर प्रश्न असे: महिन्याचे पाच शांत दिवस (चुंबकीय खळबळ सर्वात कमी असलेले) घेऊन त्यांची सरासरी वजा केली तर एवढ्या छोट्या धक्क्याला पुरेल का? अलिबागचे 1962 चे रॅपिड-रन (कागद जास्त वेगाने सरकवून घेतलेले) रेकॉर्ड कोणी पाहिलेत का? की मॅग्नेटोग्राम सोडून कोडाईकॅनॉल, अहमदाबादचे आयनोग्राम (आयनोस्फिअरच्या रेडिओ नोंदी) शोधू? आणि पनवेलला भूचुंबकत्व संस्थेत जाऊन मूळ कागद बघायचा असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र चालतं का, की सरांनाच मेल करावा लागतो?