मदत हवी आहे: इन्सुलिन घेतलं की नाही, हेच लेकाला आठवत नाही

मुलगा 11 वर्षांचा, टाइप 1 मधुमेह होऊन तीन वर्षं झाली. साखर तपासणं, इन्सुलिनच्या पेनवर डोसचे युनिट फिरवणं, टोचणं, सगळं स्वतः करतो. पण "घेतलंस का रे?" विचारलं की नुसता पेनाकडे बघत बसतो. परवा जेवणाआधीचा डोस दोनदा गेला, साखर 58. ग्लुकोज दिलं, 15 मिनिटांनी पुन्हा तपासलं, मध्यरात्रीपर्यंत हेच. साखर 70 च्या खाली गेली की डोकं चालत नाही, मान्य. पण हा एरवीही विसरतो. नोंदवही दिली, तर वहीच विसरतो! शेवटच्या डोसची वेळ दाखवणारं पेन कुणी वापरलंय का? मुलं खरंच बघतात त्यात? आणि या वयात त्याच्यावर किती सोडायचं? सारखं मागे लागलं की चिडतो हो.