ब्राउझर टेस्टला लॉग४जे२ लागतंच का?

राजारामपुरीचा टेस्टर: आमची चौघांची टीम. सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) दोनेकशे टेस्ट रात्री जेनकिन्सवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा सर्व्हर) चालतात. नव्या पोरानं दोन दिवस खपून लॉग४जे२, म्हणजे जावात काय कधी घडलं ते ओळीओळीनं लिहून ठेवणारी लायब्ररी, बसवलं. सकाळी बघतो तर लॉगची फाईलच नाही, कन्सोलवर नुसत्या एररच्या ओळी. जुना कुठला तरी धडा वाचून पोरानं पहिल्या आवृत्तीची 'लॉग४जे.प्रॉपर्टीज' फाईल ठेवली होती. दुसरी आवृत्ती तिच्याकडे बघतच नाही. कॉन्फिगरेशन सापडलं नाही की एररची पातळी धरते, म्हणजे नुसत्या एररच्या ओळी कन्सोलवर टाकते, आणि बाकी गप्प बसते. माझं मत: सिस्टिम डॉट आऊट (जावातली साधी प्रिंट), फेल झाल्यावर स्क्रीनशॉट आणि टेस्ट चालवणाऱ्या टेस्टएनजीचा रिपोर्ट, एवढं बास.

शिरोली नाका: चार ब्राउझर एकदम चालवून बघ भावा, मग बोलू. गंगावेशीत चार म्हशींचं दूध एकाच चरवीत काढल्यासारखं होतंय. कुठली ओळ कुणाची, सांग बघू! लॉगच्या ओळीच्या पॅटर्नमध्ये '%टी' टाकलं की प्रत्येक ओळीला थ्रेडचं, म्हणजे ती टेस्ट ज्या धाग्यावर चालली त्याचं, नाव लागतं. आमची एक टेस्ट रात्रीचीच पडायची. स्क्रीनशॉटात 'पैसे भरा' बटण ठणठणीत दिसतंय. लॉगमध्ये मात्र २:१४:०७ ला क्लिक, त्याच सेकंदाला 'क्लिक इंटरसेप्टेड' (क्लिक मध्येच दुसऱ्या कशानं तरी अडवलं), आणि २:१४:०८ ला कुकीची पट्टी बंद झाल्याची ओळ. पट्टी जायच्या आधीच आम्ही बटण दाबत होतो. हे फोटोत कसं दिसणार?

राजारामपुरीचा टेस्टर: वेळ आणि थ्रेडचं नाव प्रिंटमध्येपण टाकता येतंय की.

शिरोली नाका: येतंय. मग पातळ्या, मग फाईल १० एमबीची झाली की नवी. सहा महिन्यांनी तू स्वतःचंच लॉग४जे लिहून बसशील, तेबी मोडकं.

रंकाळ्यावरची: दोघंही एक विसरताय. डिसेंबर २०२१ मधलं लॉग४जे२ चं लॉग४शेल नावाचं भगदाड आठवतंय? लॉगमध्ये गेलेल्या नुसत्या एका मजकुरावरून बाहेरचा माणूस मशीनवर कोड चालवू शकत होता. नेटवरचे कित्येक धडे अजून २.१४ किंवा त्याआधीची आवृत्ती पोममध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या लायब्रऱ्यांच्या यादीत, चिकटवायला सांगतात. बसवायचं तर आत्ताची आवृत्ती घ्या, एपीआय आणि कोअर दोन्ही भाग, स्कोप टेस्ट, म्हणजे फक्त टेस्टपुरती. फाईल 'लॉग४जे२.एक्सएमएल' या नावानं टेस्टच्या रिसोर्सेसमध्ये. दहा मिनिटांचं काम आहे, दोन दिवसांचं नाही.

आणि ज्यांनी सेंडकीजभोवती (सेलेनियमची टाइप करायची आज्ञा) स्वतःचा रॅपर लिहून प्रत्येक टाइप केलेली गोष्ट लॉगमध्ये ओतली असेल त्यांनी आत्ता उठून बघा, पासवर्डपण तिथंच पडलेत.

राजारामपुरीचा टेस्टर: पासवर्डचं खरंय, बघितलं. सहा ठिकाणी सापडले. पण माझं मत तेच. वीस टेस्टवाल्यानं या भानगडीत पडू नये.

शिरोली नाका: तुझ्या दोनशे आहेत.