मदत हवी आहे : प्राध्यापकांना बढती द्यावी की नाही? (तातडीचे)

घाईत_आहे
एका प्राध्यापकांच्या पगारवाढीची आणि बढतीची फाइल माझ्याकडे आली आहे. सोमवारी बैठक. एच-इंडेक्स ४, विद्यार्थ्यांचे अभिप्राय ५ पैकी ३.१. विभागप्रमुखांचं पत्र मात्र स्तुतीने नुसतं ओसंडतंय. हो म्हणू की नाही? तत्त्वज्ञान नको, थेट उत्तर द्या.

चौकस
विषय कोणता? कुठल्या पदावरून कुठल्या पदावर? समितीत तुम्ही कोण? नियमावलीत निकष काय लिहिलेत? एवढं पोटात ठेवून थेट उत्तर मागताय, कमाल आहे.

आकडेमोड
एच-इंडेक्स ४ म्हणजे प्रत्येकी किमान चार वेळा उल्लेख झालेले चार लेख आहेत, पण किमान पाच वेळा उल्लेख झालेले पाच नाहीत. विषय संपला. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप काढलं ते उगाच नाही. मी एक्सेलमध्ये सूत्रच बनवलंय : लेख, उद्धरणं (इतरांनी केलेले उल्लेख), इम्पॅक्ट फॅक्टर, सगळ्यांना भारांक. माणसाचं नावही बघावं लागत नाही. पाठवू का?

तळटीप
आकडेमोड, इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकातल्या लेखांना मिळालेल्या उद्धरणांची सरासरी. तो नियतकालिकाचा असतो हो, लेखाचा नव्हे. दोन-चार लेख भरपूर उद्धरणं खेचतात आणि बाकीचे त्यांच्या पुण्याईवर मिरवतात. नियुक्ती-बढतीसाठी तो वापरू नका असं संशोधन कसं जोखावं यावरच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलंय.

आकडेमोड
मग काय, तोंड बघून बढती द्यायची? आकडे बाहेर गेले की वशिला आत येतो. भोगलंय म्हणून सांगतोय.

घाईत_आहे
वाद नंतर घाला. सहयोगी प्राध्यापक ते प्राध्यापक. विषय इतिहास. मी रसायनशास्त्राचा, समितीत बाहेरच्या विभागाचा सदस्य. याने काय फरक पडतो?

चौकस
याने काय फरक पडतो!! 🙏

तळटीप
सगळाच फरक पडतो. तुमच्याकडे एका लेखावर सात-आठ नावं असतात आणि वर्षाला चार लेख निघतात. इतिहासकार अभिलेखागारात वर्षं घालवतो आणि बहुतेकदा एकटाच एक पुस्तक लिहितो. उद्धरणं मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये पुस्तकं धड येत नाहीत, इंग्रजीखेरीज इतर भाषांतलं लेखन तर त्याहून कमी. यांची पुस्तकं किती?

घाईत_आहे
दोन. फॉर्ममध्ये त्यांना रकानाच नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

जुनी_खोड
आमच्या वेळी प्राध्यापक हातात खडू घेऊन तासभर बोलायचे, पाठांतर असायचं. आता स्लाइड वाचून दाखवतात. पगारवाढ कसली, पगार कापा.

उद्याची_डॉक्टर
पीएचडीला मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना आवर्जून भेटा. किती जणांनी मध्येच सोडली ते विचारा.

चौकस
ताई, सल्ला उत्तम, धागा चुकला.

वर्गावर
अभिप्रायांबद्दल. ३.१ ही सरासरी किती जणांची? कोर्स सक्तीचा की ऐच्छिक? २०१५ साली एका ऑनलाइन कोर्सवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात शिकवणाऱ्यांनी आपलं नाव कधी पुरुषाचं, कधी बाईचं सांगितलं. पुरुषाच्या नावाला जास्त गुण मिळाले, शिकवणारी व्यक्ती तीच असूनही. अभिप्राय वाचू नका असं नाही म्हणत मी. सरासरी सोडा आणि मुलांनी शब्दांत काय लिहिलंय ते बघा. शिवाय प्रश्नपत्रिका, तपासलेले निबंध मागवा. वर्गात कोणी सहकारी बसून आलाय का?

घाईत_आहे
६० पैकी ९ जणांनी भरलाय. सक्तीचा संशोधनपद्धतीचा कोर्स. शब्दांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा : निबंध फार वेळा परत लिहायला लावतात.

वर्गावर
हाहा. ही तक्रार बढतीच्या बाजूने धरा.

जुनी_खोड
बघा, मी म्हटलं ना, पूर्वी असंच असायचं!

चौकस
आणखी एक. पगारवाढ आणि बढती एका मतात कोंबू नका. पगारवाढीला गेल्या काही वर्षांचं काम बघतात. बढतीला अख्खी कारकीर्द : विषयात यांच्यामुळे काय बदललं, पुढे विद्यार्थी घडवतील का. एकाला हो आणि दुसऱ्याला 'अजून नाही' असंही होऊ शकतं. आणि विभागप्रमुख घरचेच. बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं कुठायत?

घाईत_आहे
तीन आहेत. लांबलचक आहेत, चाळली. दोघांनी पहिल्या पुस्तकावर पानभर लिहिलंय, त्यातल्या एकाने दुसऱ्यातल्या पुराव्यांवर आक्षेपही घेतलाय. तिसरे त्यांचे पीएचडीचे मार्गदर्शक.

तळटीप
मार्गदर्शकांचं पत्र बाजूला काढायला सांगा, ते तटस्थ कसे? आणि आक्षेप घेणारं पत्र सगळ्यात नीट वाचा. त्याने पुस्तक खरोखर वाचलंय.

घाईत_आहे
ठीक. मार्गदर्शकांऐवजी दुसरं पत्र मागवा आणि दोन्ही मुद्द्यांवर वेगळं मतदान घ्या, एवढं बैठकीत मांडतो. पहिलं पुस्तक ग्रंथालयातून आणलंय. रविवारी बसतो.

आकडेमोड
एका पुस्तकाचे किती लेख धरायचे तेवढं कोणीतरी सांगा, सूत्रात रकाना वाढवतोय.