मशीन दिलं, पुढं काय?

कुणीतरी लिहिलंय, माणसांच्या तस्करीतून सुटका झालेल्या बाईला शिलाई मशीन द्या, ती पायावर उभी राहील. आमच्या सोलापुरात अशी मशीनं धूळ खात पडलेली पाहिलीत.

अशाच सुटून आलेल्या ओळखीच्या एका ताईंनी शेंगाचटणीचा धंदा सुरू केला. चव एक नंबर, पण भाव फक्त दाणे-तिखट-लसणाचा खर्च धरून. गॅस, पिशव्या, रिक्षा, भाजून सालं काढल्यावर घटणारं वजन, काहीच धरलं नव्हतं. मजुरी तर नाहीच. म्हणाल्या, "माझ्या हाताचे कसले पैसे?" इतकी वर्षं त्यांच्या कष्टाचे पैसे दुसऱ्यानंच मोजलेले! मग बाजारातल्या एक जुन्या चटणीवाल्या मावशी दर शनिवारी शेजारी बसून ताईंकडून खर्चाची वही लिहून घ्यायच्या. चार महिने.

आणखी एक. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, ऑनलाइन, फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. पण आधारला जोडलेला मोबाइल नंबर आधी तपासा. तो पूर्वी राबवून घेणाऱ्या माणसाच्या हातात असेल, तर ओटीपी त्याच्याकडंच जाणार.

प्रदर्शनात आयोजकांनी स्टॉलवर 'पीडित महिलांनी बनवलेली' असा फलक लावला होता. ताईंनी तो उलटा केला आणि मागं खडूनं पावशेरचा भाव लिहिला.