कार्मेलो अँथनीला ह्यूस्टनने इतक्या लवकर का सोडले?

प्रश्न: एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये १० वेळा ऑल-स्टार (मोसमातील निवडक सर्वोत्तमांपैकी एक) ठरलेल्या अँथनीला ह्यूस्टन रॉकेट्स संघाने नोव्हेंबर २०१८ मध्ये अवघ्या १० सामन्यांनंतर निरोप दिला, तो उतरत्या खेळामुळे की अपयशाचे खापर फोडण्यासाठी?

प्रतिसाद १: बचावात प्रत्येकाने आपला प्रतिस्पर्धी सतत बदलायचा, या पद्धतीवर तो संघ उभा होता, बचावातला भरवशाचा खेळाडू ट्रेव्हर अरिझा संघ सोडून गेल्यावर ३४ वर्षांच्या, पाय मंदावलेल्या अँथनीला प्रतिस्पर्धी नेमके हेरू लागले. शेवटच्या सामन्यात तर ११ प्रयत्नांत त्याने एकच बास्केट केला.

प्रतिसाद २: सामन्यामागे सरासरी १३.४ गुण अगदीच वाईट नव्हते. राखीव फळीतून उतरणेही त्याने स्वीकारले होते (याच कल्पनेवर ओक्लाहोमा सिटी या आधीच्या संघात तो हसला होता!). अरिझाची जागा त्याच्याकडून भरून काढण्याची अपेक्षाच मुळात चुकीची होती.

प्रश्नकर्ता: पटले, वर्षभराने पोर्टलंडच्या संघाने त्याला सुरुवातीच्या पाचांत खेळवलेच.